विश्लेषण : ट्रॅक्टरची लोखंडी चाके डांबरी रस्त्यावर का नकोत?

पाऊस लागला की वारणानगरच्या पश्चिमेला, पन्हाळा-शाहूवाडीकडच्या भातखाचरांत चिखलणी सुरू होते. चिखलात रबरी टायर घसरतो, रुततो. म्हणून ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. खाचरात ती हवीच. प्रश्न आहे तो दोन शेतांमधल्या डांबरी रस्त्याचा.

नियम काय सांगतो?

कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटार वाहनाला हवेचे टायर हवेत आणि ते सुस्थितीत हवेत. त्यामुळे टायर काढून नुसत्या केजव्हीलवर ट्रॅक्टर रस्त्यावर आणणे या नियमात बसत नाही. टायर ठेवून त्याच्या बाजूला केजव्हील जोडली, तरी तिची पाती रस्त्याला टेकत असतील तर नुकसान तेच.

रस्त्याचे नेमके काय बिघडते?

हवेचा टायर दबतो आणि वजन पसरवतो. लोखंडी पात्यावर मात तेच वजन बोटभर रुंदीच्या पट्टीवर येते. डांबराचा वरचा थर फुटतो, त्यातून पाणी खाली मुरते, खालची खडी सुटते आणि खड्डा पडतो. चिखलणी ऐन पावसात असते, म्हणजे रस्ता सर्वांत कमजोर असताना. सुटलेल्या खडीवरून पहिल्यांदा घसरतो तो दुचाकीस्वार.

इतर देशांत काय केले?

बर्फाच्या प्रदेशात हाच वाद खिळे बसवलेल्या टायरांवरून झाला. जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली. जपानमध्ये खिळ्यांनी घासलेल्या रस्त्यांची धूळ सेंदाईसारख्या शहरांत लोकांच्या नाकातोंडात जाऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये कायदा झाला. आपल्याकडे हिमाचलात बर्फ पडल्यावर पोलीस चाकांना साखळ्या लावायला सांगतात; बर्फ संपला की त्या काढायच्या असतात. सगळीकडे तत्त्व एकच : अवजार जिथले, तिथेच वापरावे.

शेतकऱ्याची अडचण खोटी आहे का?

नाही. शेती तुकड्यातुकड्यांत आहे, ट्रॅक्टर बहुतेकदा भाड्याचा असतो आणि चाके बदलण्यात वेळ जातो. पावसाची उघडीप काही थांबत नाही. त्यामुळे केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. केजव्हील ट्रॉलीतून नेणे, एका शिवारातली चिखलणी सलग उरकणे, चाक बदलण्याचा वेळ भाड्यात धरणे हे गावपातळीवर ठरवता येते.

कारण गावचा रस्ता एकदा उखडला की दुरुस्तीसाठी जिल्हा परिषदेच्या निधीची वाट पाहावी लागते. पावसाळ्यानंतर त्याच रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कारखान्याला जायच्या असतात. खड्ड्यात कलंडणारी ट्रॉलीही शेतकऱ्याचीच असते.