शोकाचे वय

मृत्यू सर्वांना सारखाच येतो. शोक मात्र प्रत्येक वयाला निराळा भेटतो. परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र याची साक्ष देते. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते अजाण बालक होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी निवर्तले. त्याच वर्षी हा तरुण कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढे गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न अशी चार अपत्ये गेली. राजरत्नानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जीवनातील गोडीच संपल्याचे कळविले. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. पाच वर्षांनी, १९४० साली, पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. एवढ्या प्रज्ञावंतालाही शोक चुकला नाही. मग अश्रू लपविण्यात आपण शौर्य का मानावे?

आम्हां फ्रीमाँटवासी कुटुंबांत हे लपविणे अधिकच घडते. नागपूरचे सकाळचे दुःखद वर्तमान येथे आदल्या रात्री येऊन थडकते. मुलगा विमानाने पोहोचेपर्यंत अंत्यसंस्कार उरकलेले असतात. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला कामावर हजर व्हावे लागते. आजीला केवळ पडद्यावर पाहिलेल्या नातवाला 'आजी झोपली' एवढेच सांगितले जाते. पतिनिधनानंतर येथे आणलेली वृद्ध माता दिवसभर बंद घरात एकटी असते. तिच्या बोलीत बोलणारे शेजारी कोणी नसते. एका छपराखाली तीन वयांचे तीन शोक, आणि तिघेही एकमेकांपासून ते झाकून ठेवतात.

तथागतांनी किसा गोतमीला, जेथे कधी मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. ही कथा आपण अनित्यतेचा पाठ म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते तिचे औषध दारोदारी फिरण्यातही होते. प्रत्येक दार उघडले गेले, प्रत्येकाने आपले दुःख तिला सांगितले. येथे मात्र दारे बंद असतात.

म्हणून बंधुभगिनींनो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजू नये. महिन्याभराने त्या घरी पुन्हा जावे. बालकास मृत्यूची गोष्ट सोप्या शब्दांत खरी सांगावी, त्याच्या हातून फुले वाहावीत. कर्त्या मुलाला रडण्यास उसंत द्यावी. वृद्ध मातेला तिच्या जोडीदाराच्या आठवणी विचाराव्यात आणि घड्याळाकडे न पाहता ऐकाव्यात. धम्माने शिकविलेली करुणा ती हीच. आणि तिच्यासाठी विहाराची वास्तू उभी राहण्याची वाट पाहावी लागत नाही.