पाऱ्याची नळी आणि भंगाराचं दुकान

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, विज्ञान नाही. तरीही मागे एकदा नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत खिशातून काचेची एक नळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, दोन तारा बाहेर आलेल्या, आत चांदीसारखा थेंब. त्याच्या अब्बांचं भंगाराचं दुकान आहे. कुठल्याशा जुन्या यंत्राच्या झाकणातून ती निघाली होती. "सर, हा थांबतच नाही. का?"

उर्दूत पाऱ्याला सीमाब म्हणतात. सीम म्हणजे चांदी, आब म्हणजे पाणी. बेचैन माणसालाही आमचे शायर हीच उपमा देतात. पण मुलाला शायरी नको होती, म्हणून मी त्याला एसटी आठवायला सांगितली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात, गाडी झटक्यात निघाली की मागे. थेंबाचंही तसंच. नळी पुढे ओढली की तो मागे राहतो, तारांना टेकतो किंवा सुटतो, आणि दिवा लागतो किंवा विझतो. मराठीत याला जडत्व म्हणतात, उर्दूच्या पुस्तकात जुमूद. गंमत अशी की नळी नुसती तिरकी केली तरी थेंब तसाच पळतो. उतार आणि वेग यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून एकच नळी दोन्ही कामांना चालायची: झाकण उघडल्यावर दिवा लावायला, आणि काही गाड्यांच्या ब्रेकमध्ये वेग किती झटक्याने कमी होतोय ते ओळखायलाही.

ती फक्त हो किंवा नाही सांगते. किती, ते सांगायला थेंब बारीक वाहिनीत ठेवून त्याच्या सरकण्याने विजेच्या मार्गात होणारा बदल मोजतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, सिलिकॉन सव्वादोन पटींच्या आसपास. म्हणजे इवल्याशा जागेत भरपूर वजन, आणि मोडायला स्प्रिंगही नाही. आता पाऱ्याऐवजी गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचं मिश्रण वापरून पाहतात. ते शून्याच्या खालीही पातळ राहतं आणि त्याची वाफ जवळजवळ होत नाही. मात्र हवा लागली की त्यावर ऑक्साइडची साय धरते आणि थेंब भिंतीला चिकटतो.

हे सगळं चांगलंच आहे. माझी तक्रार दुसरी आहे. पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार 2013 साली झाला, भारताने तो 2018 मध्ये मान्य केला, आणि थोडे अपवाद सोडून असे स्विच बनवायची मुदत 2020 मध्ये संपली. बनवणं थांबलं, पण बनवून झालेल्यांचं काय? ते शेवटी आपल्याच मोहल्ल्यातल्या दुकानांत येतात आणि तिथे तांब्याच्या तारेसाठी हातोडीने फुटतात. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. ती फुफ्फुसातून रक्तात आणि मेंदूपर्यंत जाते. धर्माच्या, शिक्षणाच्या गप्पा आपण जलशांत पुष्कळ मारतो. ज्या धंद्यावर आपली इतकी घरं चालतात त्यातल्या विषाबद्दल मी एकाही जलशात शब्द ऐकलेला नाही.

संध्याकाळी दुकानावर गेलो. नळ्या फोडू नका, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, सांडलं तर झाडू मारू नका, दारंखिडक्या उघडा आणि पोरांना लांब ठेवा, एवढं सांगितलं. त्याच्या अब्बांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "मास्तर, मग भरलेली बाटली नेऊन द्यायची कुठे?"

दोन ठिकाणी फोन केले, दोघांनीही तिसरीकडे पाठवलं. बाटली सध्या आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, कुलपात. चावी माझ्याकडे.