खाडीकाठच्या भाषा आणि जगाचे नागरिकत्व

आगरदांड्याच्या धक्क्यावरून राजपुरी खाडीपलीकडे दिघी दिसते. दोन किनाऱ्यांत होडीच्या एका फेरीचे अंतर. पण या परिसरात किती भाषा नांदतात! कोळीवाड्यात कोळ्यांची बोली, कोकणी मुसलमानांच्या घरात त्यांची कोकणी व शाळेत उर्दू, डोंगरालगतच्या वाड्यांवर कातकरी, कचेरीत प्रमाण मराठी. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले; त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. याच किनाऱ्यावरच्या गावांतून इस्राएलला गेलेल्या बेने इस्रायलांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लागण्यापूर्वी कितीतरी शतके या किनाऱ्याचा जगाशी व्यवहार चालू होता, आणि त्यासाठी कोणाला आपली भाषा टाकावी लागली नव्हती.

हे सांगण्याचे कारण गेल्या काही काळातील भाषावाद. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द घालून तोच निर्णय नव्या वेषात आणला. दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी पाहिजेत, अशी अट घातली. लोकक्षोभ वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दिल्लीची सक्ती परतवली याचा आनंद रास्त आहे. परंतु २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सक्तीची आहे, तिच्याविरुद्ध इतका मोठा मोर्चा का निघाला नाही? हिंदीची सक्ती आपल्याला परकी वाटते. इंग्रजीची सक्ती मात्र आपण प्रगती समजून डोक्यावर घेतो. वसाहतवादाचा खरा विजय तो हाच.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर इंग्रजी हे आपल्या देशात दुर्मीळ भांडवल आहे. ते थोड्यांच्या हाती राहते म्हणूनच त्याला भाव येतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी याच व्यवहारावर बोट ठेवले होते : कर भरतो शेतकरी, आणि त्यातून उच्च शिक्षण मिळते वरच्या वर्गाच्या मुलांना. डॉ. लोहियांचा इंग्रजीविरोधही याच जातीचा. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवणाऱ्या या माणसाला परकी भाषा शिकण्याचे वावडे नव्हते. मूठभरांनी तिच्या आडून राज्य करावे, हे त्यांना अमान्य होते. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी गिकुयू भाषेत शेतकरी-कामगारांचे नाटक उभे केले, तेव्हा १९७७ अखेर त्यांना विनाचौकशी तुरुंगात टाकण्यात आले. त्याआधी त्यांनी इंग्रजीत बरेच लिहिले होते. सत्तेला धास्ती वाटली ती जनतेला समजेल अशा भाषेतल्या टीकेची.

आज हा प्रश्न या खाडीवर पोटाचा झाला आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांत दिघीचे नाव आहे. बंदर वाढेल, कारखाने येतील. मात्र तेथील हिशेबनीस व अभियंते बाहेरून येणार आणि हमाल व पहारेकरी तेवढे आगरदांडा-राजपुरीचे, असे होणार काय? या भीतीपोटीच मासळी विकणारी बाई पोटाला चिमटा काढून मुलाला फीच्या इंग्रजी शाळेत घालते. तिला मराठीप्रेमाचे व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण तिचा हिशेब बाजाराच्या नियमाप्रमाणे बरोबरच आहे. चूक आहे ती बाजाराची मांडणी. न समजणाऱ्या भाषेत गणित घोकणाऱ्या मुलाला गणितही येत नाही आणि इंग्रजीही येत नाही.

आपल्या घरातली सत्ताही तपासली पाहिजे. कातकरी मुलाला पहिल्या दिवशी हाती पडणारे ‘मातृभाषेतले’ पुस्तक हे त्याच्या दृष्टीने दुसऱ्याच भाषेतले असते. वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर तो गाव सोडतो आणि पुढे शाळा त्याला सोडते. हिंदीच्या सक्तीने आपला अपमान होत असेल, तर प्रमाण मराठीच्या सक्तीने त्याचा होत नाही काय? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क राज्यांना सांगतो; शक्य तेथवर माध्यम मातृभाषेचे असावे, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदाही म्हणतो. ही वचने कातकरी वाडीपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे.

साने गुरुजींच्या आंतरभारतीमागे भारतीय भाषांनी एकमेकींच्या घरी पाहुणी म्हणून जावे, ही दृष्टी होती. पाहुणी हक्काने स्वयंपाकघर ताब्यात घेत नाही. त्या दृष्टीने आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली दोन-तीन वर्षे शिक्षण घरच्या भाषेतून व्हावे. त्यासाठी कातकरी तरुण-तरुणींना पगारी साहाय्यक शिक्षक नेमावे. पट कमी झाला या सबबीवर जिल्हा परिषदेची एकही मराठी वा उर्दू शाळा बंद होऊ नये. पाया पक्का झाल्यावर इंग्रजी हा विषय प्रशिक्षित शिक्षकांकडून सर्वांना, विनामूल्य आणि उत्तम रीतीने शिकवला जावा. दुर्मीळता संपली की मक्तेदारीही संपेल. दिघीच्या कारखान्यांत भरतीच्या परीक्षा, कामाचे करार आणि सुरक्षेच्या सूचना मराठीत असाव्यात.

यांपैकी शाळेची मागणी आजच हाती घेता येईल. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिच्यात पालकांचे बहुमत असते. मुरूड आणि श्रीवर्धन तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी या समित्यांच्या बैठकांना पालकांना आणावे, कातकरी वाडीवरच्या बाईला तिच्या बोलीत बोलू द्यावे आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. जगाचे नागरिक होण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी आधी आपल्या गावाच्या कारभारात तिला नागरिक म्हणून जागा दिली पाहिजे.