आईचा केसपेपर काढताना मुलांचीही चौकशी करा

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सिंधुदुर्ग



देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. नववी-दहावीतली एखादी मुलगी हळूहळू गप्प होत जाते, परीक्षा आली की तिच्या पोटात कळा येतात, मग ती शाळेत यायचीच थांबते. घरी चौकशीला गेलं की शेजारीण दाराआड सांगते, "आवशीवरच गेली." तिथे विषय संपतो. घराण्यातलंच आहे तर डॉक्टर काय करणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. कोणी देवाला गाऱ्हाणं घालतं, कोणी काहीच करत नाही.

शेजारणीचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खोडणं अवघड जातं. जुळ्यांच्या अभ्यासांतून नैराश्यातला आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के निघतो. पण तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब आहे. अमक्या मुलीला आजार होण्याची शक्यता त्यातून कळत नाही. २०२५ मध्ये २९ देशांतल्या जवळजवळ सात लाख रुग्णांची जनुकीय माहिती तपासली गेली, तेव्हा सुमारे ७०० जनुकीय फरक हाती लागले, प्रत्येकाचा परिणाम कणभर. हापूसची कलमं एकाच वाणाची असली तरी कातळावरच्या बागेचं फळ वेगळं लागतं, हे देवगडात कोणाला शिकवावं लागत नाही.

ज्या अभ्यासामुळे हे पत्र लिहायला बसले, तो कोलंबिया विद्यापीठाच्या मिर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आयांची ७ ते १७ वर्षांची मुलं त्यांनी तपासली. ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांत हटलं, त्यांच्या मुलांमधले मानसिक आजार घटले. ज्यांचं हटलं नाही, त्यांच्या मुलांत ते वाढले. औषध आईने घेतलं होतं, मुलांनी नव्हे.

आपल्याकडे मात्र घराण्याबद्दल विचारलं की माणसं तोंड मिटून घेतात. कारण सोयरीक. थोरलीचा आजार कळला की धाकटीची स्थळं परततात, आणि ही भीती खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. हा हक्क केसपेपर काढतानाच, मराठीत, तोंडी सांगितला तर कितीतरी बायका बोलत्या होतील असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विनंती. आपल्या मानसोपचार विभागात नैराश्याचा किंवा चिंतेचा प्रौढ रुग्ण आला की घरात किशोरवयीन मुलं आहेत का, त्यांची झोप-जेवण कसं आहे, ती शाळेत जातात का, हे विचारलं जावं. मुलावर शिक्का नको. गरज वाटली तर लवकर भेट ठरावी, एवढंच. आणि महिन्यातून एकदा आपले डॉक्टर देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात बसावेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी फळ्यावर लिहिते, तिथे मराठीत बोलता येतं. पण आई शेजारच्याच खोलीत असताना आईबद्दल फोनवर कोण बोलणार?

वार ठरवताना शनिवार दुपारचा विचार करावा. त्या दिवशी शाळा सकाळची असते. आई आणि मुलगी एकाच एसटीने येऊ शकतील.

आपली नम्र,
देवगड तालुक्यातील एक शिक्षिका