सहलीचे वेळापत्रक समुद्राला विचारा

दिवाळी सरली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. कोकण ठरले, की फलकावर यादी लागते: दोन दिवस, आठ स्थळे! मग गाडी धावते, मुले उतरतात, फोटो काढतात आणि शिट्टी वाजली की पुन्हा गाडीत बसतात. विद्यार्थी मित्रांनो, अशा सहलीत धावपळ पुष्कळ होते, पण निरीक्षण होत नाही. माझे स्पष्ट मत असे, की सागरी रस्त्याने जायचे तर स्थळे निम्मी करावीत, मुक्काम वाढवावेत आणि वेळापत्रक समुद्राला विचारून आखावे.

असे का म्हणतो ते पाहा. गुहागर तालुक्यात हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ नावाची कातळातली अरुंद भेग आहे. भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात, पाण्याला पुढे वाट उरत नाही आणि ते उंच उसळते. हे दृश्य लांबूनच पाहायचे. ओहोटीला मात्र तेथे नुसती भेग दिसते आणि "यात काय आहे?" असे म्हणून मुले परततात. हरिहरेश्वरला याच्या उलट. तेथे ओहोटीच हवी. तेव्हाच प्रदक्षिणेचा मार्ग मोकळा होतो आणि कातळावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी जवळून पाहता येते. खडकाच्या बारीक छिद्रांत शिरलेले खारे पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे करतात. त्यातून ती जाळी घडते.

मग भरतीची वेळ कशी कळावी? कोकणातला जुना आडाखा सांगतो, तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यामागचे गणित सोपे आहे. एका चांद्रमासात भरतीची वेळ २४ तासांनी पुढे सरकते. तिथी ३०, म्हणून एका तिथीला सरासरी ४८ मिनिटे. आडाखा ४५ मिनिटे धरतो, तेव्हा पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. म्हणून आडाख्याने अंदाज करावा, पण प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाताना भरती-ओहोटीचे छापील कोष्टक जवळ ठेवावे.

हा केवळ गणिताचा विषय नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. जेवणाच्या वेळेइतकीच पाण्याची वेळही सहलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

शिक्षक म्हणतील, एवढा वेळ आणायचा कोठून? चार स्थळे गाळली की तो आपोआप मिळतो! हरिहरेश्वरहून किनाऱ्याने हेदवीला जाताना बाणकोट आणि दाभोळ या दोन खाड्या लागतात. गाडीसकट माणसे नेणाऱ्या फेरीबोटीने त्या ओलांडता येतात. त्यांपैकी एका खाडीकाठी दिवसभर थांबावे. ओहोटीला चिखलातून डोकावणारी तिवरांची श्वसनमुळे मोजावीत. शिक्षकांच्या देखरेखीखाली धक्क्यावरून गाठी मारलेली दोरी सोडून दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी टिपावी. घरी आल्यावर आलेख काढा. पाणी आधी हळू, मध्ये भराभर आणि शेवटी पुन्हा हळू चढते, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. पुस्तकातली भरती आणि स्वतः मोजलेली भरती यांतला फरक तेव्हा कळतो.

या प्रयोगाला खर्च किती? एक दोरी, एक घड्याळ आणि थोडा धीर. तेव्हा यंदा फलकावर सहलीची तारीख लागली, की स्थळे किती हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाई, त्या दिवशी तिथी कोणती?"