मैदान गाजते, वाढप्याचे काय?

स्पर्धा संपली की पदके मोजली जातात. पोळ्या लाटणारे हात कोणी मोजत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभे राहिले. तेथे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. २०१९ च्या ‘खेलो इंडिया’त महाविद्यालयीन वयाचे खेळाडूही उतरले. अशा वेळी आचारी, वाढपी, खोल्या झाडणारे यांना काम मिळते. पण आठ-बारा दिवसांचेच.

अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने पाहायला परगावाहून हजारो लोक तिकीट काढून येतात, मुक्काम करतात. आपल्याकडे महाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक म्हणजे वर्गमित्र. बाहेरून येणारा संघ हाच काय तो पाहुणा. त्याला राहायला खोली हवी, दोन वेळचे जेवण हवे.

म्हणूनच मला वाटते, एका भव्य सोहळ्यापेक्षा वर्षभर विखुरलेल्या छोट्या आंतरविद्यापीठ स्पर्धा या शहराला अधिक टिकाऊ रोजगार देतील. संयोजकांनी तारखा आधी ठरवाव्यात, जेवणाचे काम पेठांतल्या खानावळींना आणि महिला बचत गटांना द्यावे. वाढप्याला पुढच्या महिन्याच्या कामाची खात्री मिळणे, हाही पुण्याचा विजयच ठरेल.