पोटगीची तारीख खिडकीवर ठरते

पोटगी नेमकी कधीपासून द्यायची, यावर देशातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे एकवाक्यता नव्हती. कुठे अर्जाच्या तारखेपासून, कुठे समन्स बजावल्यापासून, तर कुठे थेट आदेशाच्या दिवसापासून ती मिळे. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात हा घोळ मिटवला आणि पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासूनच द्यावी, असे सांगितले. या निकालामुळे कुटुंब न्यायालयातल्या फाइलिंगच्या खिडकीचे महत्त्व किती वाढले, याकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. पुढे दरमहा पाच हजारांची पोटगी मंजूर होणार असेल आणि पानांवर क्रमांक नाहीत किंवा एक प्रत कमी आहे म्हणून अर्ज दोन महिने इकडून तिकडे फिरला, तर अर्ज करणाऱ्या बाईचे दहा हजार रुपये बुडतात. न्यायाधीशांनी तो अर्ज अजून पाहिलेलाही नसतो. ‘हे चालणार नाही, नीट करून आणा’ एवढ्या तोंडी शब्दांवर अर्ज परत जातो आणि तो आला होता याची नोंद कुठेच उरत नाही. म्हणूनच खिडकीवरची वागणूक हा निव्वळ सौजन्याचा मामला नाही, तिथे लोकांचा हक्क कमी-जास्त होतो.

कुटुंब न्यायालय कायदा 1984 चा आहे आणि त्याच्या 13 व्या कलमानुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. सामान्य माणूस स्वतः उभा राहील हे कायद्याने गृहीत धरले, पण खिडकीवरचे कामकाज अजूनही वकिलाच्या कारकुनाला डोळ्यांसमोर ठेवूनच चालते. सासरहून नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईची बहुतेक कागदपत्रे नवऱ्याच्या कपाटात असतात. तिच्याकडे विवाह नोंदणीचा दाखला मागून अर्जच न घेणे हे कायद्यालाही धरून नाही. पोटगीच्या कार्यवाहीत लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच स्पष्ट केले आहे. तो पुरावा पुरेसा की अपुरा हे न्यायाधीशांनी ठरवायचे.

लिपिकाने समजावून सांगायला सुरुवात केली तर तो एका बाजूचा सल्लागार होईल, अशी हरकत घेतली जाते, आणि तिच्यात तथ्य आहे. किती पोटगी मागावी, घटस्फोट कोणत्या कारणाने मागावा, हे त्याने सांगूच नये. पण किती प्रती लागतात, मालमत्ता आणि उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना कुठे मिळतो, मोफत वकील मिळण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कुठे आहे, यात पक्षपात कसला? महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना 1994 च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. हे खिडकीवर न कळल्यामुळे एखादीने अर्जच लांबवला, तर ती माफी कागदावरच राहते. मनुष्यबळ अपुरे आहे हेही खरे. पण एकाच अर्जासाठी तीनदा रांगेत आलेला माणूस त्याच कर्मचाऱ्यांचा तिप्पट वेळ घेतो. ई-फायलिंगने खिडकीच उरणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी स्कॅन केलेली पीडीएफ आणि ओटीपी यांची व्यवस्था, हातात धड मोबाइलही नसलेल्या बाईने कुणाच्या दारात जाऊन करायची, हेही सांगावे.

शासकीय कार्यालयांसाठी 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाची पोच देणे आणि नकाराची कारणे लेखी कळवणे बंधनकारक केले. न्यायालयाच्या खिडकीवरही तेच हवे. आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी तारखेचा शिक्का मारून घ्यावा, सगळ्या त्रुटी एकाच वेळी मराठीत लिहून द्याव्यात, त्या दूर करायला ठरावीक मुदत द्यावी आणि त्या मुदतीत पूर्तता झाली तर पहिलीच तारीख कायम ठेवावी. त्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. कुटुंब न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार कुटुंब न्यायालय कायद्याच्याच 21 व्या कलमाने उच्च न्यायालयाला दिलेला आहे.